अलेक्झांडर फ्लेमिंग

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. पुढे लंडनमध्ये त्यांनी काही वर्षे कारकुनी केली आणि काकांच्या वारशातून थोडे धन मिळताच सेंट मेरीज रुग्णालयाच्या विद्यालयात वैद्यकाचा अभ्यास आरंभिला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात त्यांनी एक विदारक दृश्य पाहिले. गोळीतून बचावलेले सैनिक चिघळलेल्या जखमांनी दगावत. जखमेवर ओतलेली जंतुनाशके खोलवरच्या जंतूंपर्यंत पोचत नसत. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींचाच संहार करीत. जंतूंना मारील, पण माणसाला अपाय करणार नाही, अशा औषधाचा ध्यास त्यांनी घेतला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीवरून परतल्यावर ते जंतू वाढविलेल्या काचेच्या बशा तपासू लागले. एका बशीत बुरशी आली होती. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती; परंतु बुरशीभोवतालचे जंतू नाहीसे झाल्याचे फ्लेमिंग यांनी हेरले. त्या बुरशीतून स्रवणाऱ्या द्रव्याला १९२९ मध्ये त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले.

जंतूच्या पेशीभोवती एक मजबूत भिंत असते. जंतू वाढताना तिचे धागे एकमेकांत गुंफले जातात. पेनिसिलिन ही गुंफणच रोखते. मग भिंत कच्ची राहते, बाहेरचे पाणी आत शिरते आणि जंतू फुटून मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे त्या सुरक्षित राहतात. घसा सुजविणाऱ्या, न्यूमोनियाच्या व घटसर्पाच्या जंतूंवर ते गुणकारी ठरले. क्षयाच्या जंतूंवर आणि पडशाच्या विषाणूंवर मात्र त्याची मात्रा चालत नाही.

फ्लेमिंग यांना पेनिसिलिन शुद्ध स्वरूपात मिळविता आले नाही. ते कार्य ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व हीटली यांनी केले. १९४१ मध्ये मरणोन्मुख अशा एका पोलीस शिपायाला ते देताच त्याला उतार पडू लागला. पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. त्यानंतर विपुल उत्पादनासाठी अहोरात्र प्रयत्न झाले व युद्धातील असंख्य जखमींचे प्राण वाचले. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथील कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच दिला होता. तो खरा ठरला आहे. म्हणून असे औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि सांगितले असेल तितके पुरते घ्यावे, यातच त्यांच्या श्रमांचे सार्थक आहे.