मातोश्री अहिल्याबाई आणि पुठ्ठ्याचा हत्ती



इंदूरच्या मुलांना अहिल्याबाईंचे नाव शिकवावे लागत नाही. विमानतळ, विद्यापीठ, राजवाड्यासमोरचा पुतळा, सगळीकडे तेच नाव आहे. पण २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली, त्या निमित्ताने आम्ही आठवीच्या वर्गाला त्यांचे चरित्र लिहायला सांगितले, तर बहुतेक वह्यांत एकच मजकूर उतरला : हातात शिवपिंडी, देवळे-घाट, आणि न्यायासाठी पोटच्या मुलाला हत्तीच्या पायी दिल्याची गोष्ट. म्हणून आम्ही निबंध बाजूला ठेवला आणि मुलांना गटागटाने कामे वाटून दिली.

पहिल्या गटाने व्हरांड्याच्या भिंतीवर कालपट्टी लावली. ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी जन्म. लहान वयातच सुभेदार मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून आणले. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी विनवणी करून त्यांना मागे फिरवले. पुढे मल्हारराव मोहिमेवर असले की तोफा, दारूगोळा, रसद यांची कामे पत्राने याच सुनेवर सोपवीत. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. सुभेदारी नातू मालेरावांकडे आली आणि १७६७ मध्ये तेही वारले.

इथे कालपट्टी थांबली. कारण नाटुकल्याच्या गटाने तोवर पुठ्ठ्याचा मोठा हत्ती तयार केला होता! जॉन माल्कम यांनी माळव्यातील जुन्या माणसांकडे चौकशी करून १८२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मालेरावांचा अंत मनोविकाराच्या आजाराने झाल्याची आणि आई रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून असल्याची हकीकत आहे. हत्तीची गोष्ट आम्हीसुद्धा वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो, हे येथे कबूल करतो. मुले हिरमुसली, पण प्रसंग त्यांनी स्वतःच बदलला. मालेरावांनंतर दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. अहिल्याबाई लढाईच्या तयारीने उभ्या राहिल्या. राघोबांना माघार घ्यावी लागली आणि माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच राहू दिला. फौज तुकोजी होळकरांनी सांभाळली, राज्य बाईंनी. हाच प्रसंग मुलांनी रंगमंचावर आणला.

दुसऱ्या गटाने भारताच्या नकाशावर महेश्वरपासून दोरे ताणले. त्यांची राजधानी इंदूर नव्हे, नर्मदाकाठचे महेश्वर होती, हे अनेकांना तेव्हाच कळले. दोरे काशी, गया, सोमनाथ, वेरूळ असे दूरदूर पोहोचले. आपल्या राज्याच्या सीमेबाहेर एवढे बांधणारा राज्यकर्ता विरळाच.

तिसऱ्या गटाने घरातल्या माहेश्वरी साड्यांचे काठ कागदावर उतरवले : लहर, ईंट, चटाई. बाईंनी महेश्वरात विणकर वसवले, त्यांना काम दिले, आणि तो माग आजही चालू आहे. आजीच्या पेटीतली साडी इतिहासाचे साधन असते, हे मुलांना पुस्तकाविना समजले.

कालपट्टीवरचे एक पान लावताना मुली गप्प झाल्या. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने पुष्कळ समजावले, पण मुलगी ऐकली नाही. सासऱ्याच्या शब्दाखातर जगलेली ही बाई स्वतःच्या मुलीला मात्र वाचवू शकली नाही. एका मुलीने विचारले, इतका अधिकार असूनही का नाही? आम्ही तिला तयार उत्तर दिले नाही. तो प्रश्न मोठ्या अक्षरांत त्या पानाखाली लावला आहे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी अहिल्याबाईंचे निधन झाले, तिथे कालपट्टी संपते.

पूजा करण्यासाठी पुतळा पुरतो. पण समजून घेण्यासाठी माणूस दिसावा लागतो, आणि तो मुलांना हाताने काम करताना दिसला.

पालकांना विनंती की आपले घराणे माळव्यात केव्हा व कशासाठी आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांकडून लिहून घ्यावे. मोडीतला एखादा जुना कागद किंवा जुना फोटो असल्यास त्याची प्रत शाळेत पाठवावी. पुढचा प्रकल्प त्यावरच आहे.

पुठ्ठ्याचा हत्ती वाया गेला नाही. पहिलीच्या वर्गात तो आता ह अक्षर शिकवतो.