रविवार मिळवून देणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी नेरूळ-वाशीच्या रस्त्यांवर दप्तर पाठीला लावून क्लासला निघालेली मुलं दिसली की मला एक नाव हटकून आठवतं. नारायण मेघाजी लोखंडे. आपल्याला आठवड्याची सुट्टी मिळाली, ती या माणसाच्या धडपडीमुळे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या अगदी शेजारी झाला. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या मांडवी भागातल्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते.

गिरणीत त्यांनी जे पाहिलं, ते त्यांना स्वस्थ बसू देईना. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, कापसाची धूळ, उकाडा आणि यंत्रांचा खडखडाट. आठवड्याची सुट्टी नाही. बायका आणि लहान मुलंही त्यातच राबायची. पगार वेळेवर मिळेल याची खात्री नाही. अशा जगण्यात शरीर तर थकतंच, पण मनही विझून जातं, बरं का!

१८८० पासून ते ‘दीनबंधू’ या पत्राचे संपादक होते. त्यातून ते कामगारांची दुःखं मांडू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार. दुपारचा तो अर्धा तास म्हणजे आपल्या शाळेतली मधली सुट्टीच की!

मालक लगेच बधले नाहीत. लोखंडेही हटले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली. स्त्रियांसाठी रोज ११ तास आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठी ७ तास अशी कामाची मर्यादाही ठरली.

१८९३ च्या दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. पुढे मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

आता खरं सांगते. शनिवारी भरपूर गृहपाठ देणाऱ्या शिक्षिकांपैकी मीही एक होते. सोमवारी वह्या पूर्ण असायच्या, पण मुलं जांभया देत बसायची. काही वह्यांत तर अक्षर आईचं असायचं! झोप आणि खेळ मिळाल्याशिवाय शिकलेलं डोक्यात टिकत नाही, हे मी बी.एड.ला शिकले होते, पण वर्गात विसरले होते. आता शनिवारी मी फक्त एकच काम देते. घरच्यांशी गप्पा मारा आणि सोमवारी त्यातली एक गोष्ट वर्गात सांगा. मुलं ती रंगवून सांगतात आणि सोमवारची सुरुवात हसत होते.

आपलंही तसंच आहे. रविवारी पेपर तपासणं, रात्री उशिरापर्यंत कामाचे मेसेज पाहणं, हे आपण अंगवळणी पाडून घेतलंय. विश्रांती म्हणजे आळस नव्हे, हे त्या गिरणी कामगारांना कळलं होतं. त्यांना तो एक दिवस मिळवायला सहा वर्षं लागली. आपण तो मुलांच्या हातून असा सहज काढून घ्यायचा का? येत्या रविवारी घरात याचा जरूर विचार करूया.