उपकरणाला फाइल मानणारा संगणकशास्त्रज्ञ

कळफलक वा माउस संगणकाला जोडला की तो लगेच चालू लागतो. त्यासाठी आत ‘ड्रायव्हर’ नावाची छोटी आज्ञावली राबत असते. गंमत अशी, की लिनक्ससाठी लिहिलेला ड्रायव्हर फ्रीबीएसडीवर जसाच्या तसा चालत नाही. दोन्ही प्रणाली युनिक्सच्याच परंपरेतल्या असूनही! या परंपरेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांना हा पेच चांगलाच परिचित होता.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून डेनिसही १९६७ मध्ये तेथेच रुजू झाले. १९६९ मध्ये केन थॉम्पसन यांच्या पुढाकाराने युनिक्सची उभारणी सुरू झाली. तिच्यातील फाइलव्यवस्थेच्या बहुतेक कल्पना थॉम्पसन यांच्या. परंतु टेलिटाइपसारखे उपकरणही फाइलप्रमाणेच उघडावे आणि वाचावे, ही कल्पना रिची यांची. त्यामुळे समोर कोणता कळफलक आहे, याची पंचाईत वरच्या आज्ञावलीला उरली नाही.

पुढे त्यांनी सी ही भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. स्टीफन जॉन्सन यांच्यासह त्यांनी १९७७ च्या सुमारास युनिक्स इंटरडेटा ८/३२ या सर्वस्वी वेगळ्या यंत्रावर नेले. गाभ्याचा बराचसा भाग तेथे सहज रुळला. ड्रायव्हर मात्र यंत्राशी बांधलेले. ते नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हे शल्य त्यांना बोचत असावे. टर्मिनलच्या ड्रायव्हरमध्ये यंत्राचे तपशील आणि चुकीचे अक्षर खोडण्यासारखी सामाईक कामे यांची सरमिसळ झाली होती. १९८४ मध्ये त्यांनी ‘स्ट्रीम्स’ ही रचना मांडली. तीत सामाईक कामांचे सुटे घटक एकावर एक रचायचे आणि यंत्राशी निगडित भाग तेवढा तळाशी ठेवायचा. एटी अँड टीने ती सिस्टीम व्ही मध्ये स्वीकारली, लिनक्सच्या मूळ गाभ्यात मात्र तिला स्थान मिळाले नाही. पुढे फ्रीबीएसडीने लिनक्सची ‘इव्हडेव्ह’ ही पद्धत आपलीशी केली. त्यामुळे कळा आणि माउसच्या नोंदी वरच्या आज्ञावल्यांना सारख्याच रूपात मिळतात. खालचे ड्रायव्हर अजूनही ज्याचे त्याचे.

१९८३ चा ट्युरिंग पुरस्कार रिची आणि थॉम्पसन यांना मिळाला. २००७ मध्ये निवृत्त झालेले रिची ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतील राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्स गेले होते. जग तेव्हा त्यांच्या आठवणींत बुडालेले होते; आणि जॉब्स यांच्या मॅकचा पायाही युनिक्सचाच होता.