खडखडाटामागचा माणूस

घरची जुनी हॅचबॅक घेऊन तुम्ही कॉलेजला निघालात. गेटजवळचा स्पीडब्रेकर आला आणि पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्’! पुढच्या खड्ड्यात पुन्हा ‘खट्-खट्’. गॅरेजवाला गाडी दोनदा दाबून बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, की शॉकअप गेलेत, जोडी बदलावी लागेल. तुमच्या पॉकेटमनीचं सोडाच, बाबांचं महिन्याचं बजेटच कोलमडतं. पण पैसे मोजण्याआधी एका माणसाची ओळख करून घ्या. आवाज करणारा तो सांगाडा बहुधा त्याच्याच डोक्यातून निघालाय.

अर्ल स्टील मॅकफर्सन. जन्म 1891 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. 1915 मध्ये इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअर होऊन तो थेट डेट्रॉइटला, मोटारींच्या पंढरीत पोचला. पहिल्या महायुद्धात लष्करात असताना युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम केलं. परत आल्यावर लिबर्टी, मग हप अशा कंपन्या केल्या. या दोन्ही कंपन्यांची नावं आज तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, कारण त्या कधीच्याच बंद पडल्या. 1934 मध्ये तो जनरल मोटर्समध्ये आला. तोवर चाळिशी उलटून गेली होती आणि जगानं त्याचं नाव लक्षात ठेवावं असं काहीही त्यानं केलं नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा शेव्हरलेच्या एका छोट्या गाडीचं काम त्याच्याकडे आलं. नाव कॅडेट. किंमत हजार डॉलरच्या आत, वजन साधारण एक टन. गाडी हलकी आणि स्वस्त, पण रस्त्यावर मोठ्या गाडीसारखी निवांत चालली पाहिजे! गंमत इथेच आहे. तेव्हाच्या चांगल्या गाड्यांत पुढचं प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्म्सवर धरलेलं असायचं. स्प्रिंग वेगळी, शॉक ॲब्सॉर्बर वेगळा. भाग जास्त म्हणजे वजन जास्त, खर्चही जास्त.

मॅकफर्सननं वरचा आर्म काढूनच टाकला. शॉक ॲब्सॉर्बरचा दणकट खांब केला, त्याभोवती स्प्रिंग बसवली, खालचं टोक चाकाला जोडलं आणि वरचं थेट गाडीच्या बॉडीला. स्टिअरिंग फिरवलं की पुढचा खांबही चाकाबरोबर वळणार. हाच मॅकफर्सन स्ट्रट. अशा दिशेनं विचार आधी कुणी केलाच नव्हता असं नाही. इटलीत फियाटच्या एका इंजिनिअरनं 1920 च्या दशकात याच्या जवळपास जाणारी रचना मांडली होती. पण कारखान्यात भराभर आणि स्वस्तात बनेल असं रूप तिला मॅकफर्सननं दिलं.

आणि मग 1947 मध्ये कंपनीनं कॅडेट गुंडाळली. दोन वर्षांची मेहनत, तयार झालेल्या चाचणीच्या गाड्या, सगळं पाण्यात. तेव्हा मॅकफर्सन पंचावन्न वर्षांचा होता. आपल्याकडे या वयात लोक रिटायरमेंटचा हिशेब करायला घेतात. हा माणूस त्याच वर्षी समोरच्या पार्टीत, म्हणजे फोर्डमध्ये गेला. 1950 मध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर लोकांसमोर आल्या, त्या त्याच्या स्ट्रटवर उभ्या होत्या. 1952 मध्ये तो फोर्डचा इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष झाला, 1958 मध्ये निवृत्त झाला आणि 1960 मध्ये वारला.

खरी मजा त्यानंतरची. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या आल्या. वरचा आर्म नसल्यामुळे स्ट्रट जी जागा मोकळी सोडतो, तीच त्यांना हवी होती. 1974 ची फोक्सवॅगन गोल्फ घ्या, नाहीतर 1983 मध्ये आपल्या रस्त्यावर उतरलेली मारुती 800. दोन्हींच्या पुढे मॅकफर्सन आहेच.

आता तुमच्या ‘खट्’कडे या. वरचा आर्म काढला, तेव्हा त्याचं काम वरच्या माउंटवर आणि खालच्या आर्मवर येऊन पडलं. शिवाय खांब बॉडीलाच टेकलेला, त्यामुळे बारीक ढिलाईसुद्धा थेट तुमच्या कानात वाजते. म्हणून आधी आवाज ओळखा. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटली, तर संशय वरच्या माउंटच्या बेअरिंगवर घ्या. बारीक खडबडीत रस्त्यावर हळू जाताना खुळखुळ येते? स्टॅबिलायझरची लिंक बघा. ब्रेक मारताच ‘धप’ झालं तर खालच्या आर्मचा बुश तपासा. लिंक किंवा बुश निघाला, तर खर्च अख्ख्या शॉकअपच्या जोडीपेक्षा बराच कमी येतो. मात्र शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं माना.

एक गोष्ट घरी अजिबात करू नका. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट उगाच सोडवायचा नाही. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर जिवावर बेतेल. ते काम स्प्रिंग दाबायचं हत्यार असलेल्या मेकॅनिकचं. आर्मचा बुश बदलला, तर त्याचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळायला सांगा. चाक हवेत लोंबकळत असताना आवळला, तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. स्ट्रट किंवा आर्म उघडला असेल, तर शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

उद्या गॅरेजमध्ये गेलात की ‘शॉकअप बदला’ म्हणण्याआधी विचारा : काका, माउंट, लिंक आणि बुश बघितले का? काका एकदा तुमच्याकडे नीट बघतील आणि मग बहुतेक जॅक लावतील.