सायकल दुकान ते लोखंडी नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावातला कारखाना

बेळगावातल्या किर्लोस्कर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. ज्यांच्या आडनावाची ही आठवण, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातले. जन्म गुर्लहोसूरचा, २० जून १८६९ चा.

शाळेत मन रमेना, म्हणून ते चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळेना. रंग सुटले, मग यांत्रिक रेखाचित्रं हाती घेतली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. शिकवून झालं की यंत्रशाळेत जायचं, यंत्रं उघडायची, परत जोडायची, हा त्यांचा नाद. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे.

बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली अन् थेट बेळगाव गाठलं. दुरुस्तीच्या दुकानाचा हळूहळू छोटा कारखाना झाला. कडबा कापायचं यंत्र तिथंच घडलं. त्यानंतर आला लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. जवळजवळ दोन वर्षं नांगर पडून राहिले. लक्ष्मणराव मात्र हटले नाहीत. एकानं घेतला, खोल नांगरट बघून दुसऱ्यानं घेतला, आणि मग मागणी वाढत गेली.

कारखान्याचा जम बसतो न बसतो तोच शहराच्या वाढीसाठी जागा सोडायची पाळी आली. हातात यंत्रं, सोबत कामगार, पण पाय टेकायला जागा नाही! अशा वेळी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांनी दिला, कर्जाऊ रक्कमही दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

तिथं शिवाशिवीला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी पहारेकऱ्याचं काम दिलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्याच भरवशावर वाडी रात्री झोपायची.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. बेळगावनं जागा राखली असती, तर किर्लोस्करवाडी कदाचित इथंच वसली असती.