संत गाडगे महाराज (१८७६–१९५६)

धारणीहून मेळघाटचे डोंगर उतरले की पायथ्याच्या सपाट प्रदेशात अंजनगाव सुर्जी तालुका लागतो. याच तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे वाढले. मामांची जमीन सावकाराने बळकावली, तेव्हा कर्जाच्या कागदापुढे निरक्षर शेतकरी कसा हतबल होतो, हे त्यांनी घरातच अनुभवले.

१९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. हातातील मातीच्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना नाव दिले. दिवसा ते गाव झाडीत; रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून श्रोत्यांना प्रश्न विचारीत. सणासाठी ऋण काढू नये, अस्पृश्यता पाळू नये, मुलांना शाळेत घालावे, हे निष्कर्ष श्रोत्यांच्याच उत्तरांतून निघत.

लोकवर्गणी व श्रमदान यांतून ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांवर महाराजांनी स्वतःची वा कुटुंबाची मालकी ठेवली नाही. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात निवारा देणारी चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. लोकांच्या पैशातून उभे राहिलेले लोकांकडेच राहावे आणि वंचितांच्या शिक्षणास उपयोगी पडावे, हे त्यांच्या समताविचाराचे व्यावहारिक रूप होय.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, त्यांचे निधन झाले.