टिब्ब्यांच्या गावचा मुलगा

आम्हा वर्धेकरांची वाळूशी ओळख धाम नदीच्या पात्रापुरती. वैशाखातले वारे आमच्याकडेही कमी नसते. पण काळ्या मातीचे कण बारीक आणि चिकट. ते ढेकूळ होऊन बसतात, नाहीतर धुरळा होऊन आभाळात जातात. त्यांची टेकडी होत नाही. त्यामुळे जमनालाल बजाजांचे नाव लहानपणापासून तोंडी असूनही हा माणूस वाळूच्या टेकड्यांच्या मुलखातून आमच्याकडे आला, हे कधी मनात उतरले नव्हते. सीकर जिल्ह्यात फतेहपूरकडे जाताना ते टिब्बे पाहिले, तेव्हा उतरले.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात कनीराम आणि बिरदीबाई यांच्या पोटी ते जन्मले. पाचव्या वर्षी वर्धेच्या सेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. मोबदल्यात आईबापांनी पैसा नाकारला आणि गावासाठी विहीर मागितली, असे चरित्रांत सांगतात. घरी बसून वाचताना ही गोष्ट गोड वाटते. टिब्ब्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर मात्र पोटात कालवले. पाणी गावाला मिळाले, मूल आईच्या कुशीतून गेले.

वाळूचा कण धुळीसारखा उडत नाही. वाऱ्याने उचलला की उडी मारतो, पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतो, मग तेही उसळतात. वाऱ्याकडच्या मंद उतारावरून असे चढत कण माथ्यावर येतात आणि पलीकडे घसरतात. ती बाजू साधारण ३३ अंशांवर स्थिरावते. इकडची वाळू तिकडे जाता जाता अख्खा टिब्बा पुढे सरकतो. वारा एकाच दिशेचा आणि वाळू थोडी असेल, तर चंद्रकोर होते आणि तिची शिंगे वारा जातो तिकडे वळतात. वाळू मुबलक असली की वाऱ्याला आडव्या लांबच लांब लाटा उठतात. दोन बाजूंचे वारे आलटून पालटून वाहिले तर लांबट धार तयार होते. चहूकडून वाहिले तर चांदणीसारखा ढीग. गवत-झुडपांनी कडा धरून ठेवल्या की मधला भाग पुढे जातो, हात मागे राहतात आणि कोर उलटी दिसते. थरच्या वाळवंटात मुख्य कारागीर उन्हाळ्यातला नैऋत्येचा वारा. हे गणित राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा उभारून मांडले. त्याचे पुस्तक १९४१ चे.

दत्तक घरात जमनालालजी सुखाने रुजले असे नाही. १९०७ साली एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबांशी खटका उडाला. सतरा वर्षांच्या मुलाने साऱ्या इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहिले आणि घर सोडले. समजूत पटून ते परतले; पण संपत्ती आपली नव्हे, हा विचार पुढे आयुष्यभर टिकला. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे पाचवा मुलगा म्हणून स्वीकारण्याची विनंती केली. एकदा दत्तक गेलेला माणूस या वेळी आपण होऊन दत्तक गेला, हे मला फार विलक्षण वाटते. रायबहादुरी परत करणे, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, १९२८ साली वर्धेचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले करणे हे सारे आपल्याला ठाऊक आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले, तेही जमनालालजींमुळेच.

जन्मभूमी मात्र सुटली नव्हती. १९३८ च्या डिसेंबरात दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी निघाले असता जयपूर संस्थानाने त्यांना प्रवेशबंदी केली. ज्या मुलखाने त्यांना परक्या घरी दिले, त्यानेच आता दार लावले. त्यांनी बंदी मोडली, फेब्रुवारी १९३९ मध्ये अटक झाली आणि ऑगस्टपर्यंत ते कैदेत राहिले.

अखेरच्या दिवसांत त्यांनी गोसेवेला वाहून घेतले आणि वर्धेजवळ गोपुरीत झोपडीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ गीताई मंदिर उभे आहे: गीताईचे श्लोक कोरलेल्या उभ्या शिळा, वर छत नाही. परतल्यावर मी तिथे गेलो. वारा सुटला होता आणि शिळांच्या पायाशी आमची काळी धूळ साचली होती.